शमशादच्या दारापर्यंत

पाऊलवाट वसाहतीतली सगळ्यांत हट्टी बाई म्हणजे डॉ. ऋतुजा बिडकरची स्वतःची आई. ऋतुजाच्या कार्यालयात हे सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्यासमोर कुणी विषय काढत नसे.

उज्ज्वलाबाई मिरजेच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेला आणि त्यांचं घराबाहेर पडणंच थांबलं. भाजी दारात यायची, औषधं दारात यायची. वजन वाढलं, साखर वाढली, आणि एकदा डाव्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम भरता भरेना. तेव्हा ऋतुजाने जुन्या घराला कुलूप लावलं आणि आईला मिरजेबाहेरच्या पाऊलवाटेत आणून ठेवलं.

पाऊलवाट हे ऋतुजाचंच काम. उतारवयातल्या बायकांचं वजन आणि त्यांची वस्ती यांचा संबंध काय, यावर तिने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. एकाच वयाच्या, एकसारखं जेवणाऱ्या बायका. पण ज्यांच्या गल्लीत सावली होती, दमल्यावर टेकायला जागा होती, रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत नव्हता, त्या हिंडत्याफिरत्या राहिल्या. बाकीच्या घरात बसून जड होत गेल्या. डॉक्टरांच्या उपदेशाने काडीचा फरक पडत नव्हता. पडत होता तो रस्त्याने.

म्हणून पाऊलवाटेत रस्ते माणसांकडे बघून वागत. प्रत्येकीच्या मनगटावर एक पट्टी असे. ती नाडी मोजायची, चालण्याची लय मोजायची. पाय थकले की रस्त्याकडेचं बाक जमिनीतून हळूच वर यायचं, ऊन चढलं की डोक्यावर कापडी छत पसरायचं. दुधाची गाडी स्वतःहून जागा बदलायची, आज पिंपळाखाली तर उद्या तळ्यापलीकडे. हे सगळं चालवणाऱ्या यंत्रणेचं नाव होतं ‘सोबत’.

पहिल्या वर्षी बायका भराभर चालल्या. दुसऱ्या वर्षी कंटाळल्या. तेव्हा सोबतने स्वतःच एक गोष्ट शोधून काढली, आणि ऋतुजाचं नाव झालं ते त्या शोधामुळे. बाई रस्त्यासाठी चालत नाही, रस्त्याच्या टोकाला जे असतं त्यासाठी चालते. कुणाला देऊळ, कुणाला नातवाला शाळेच्या बसमधून उतरताना बघणं. निघायच्या आधी नाडी किती वाढते, पाऊल किती लवकर उचललं जातं, यावरून ही ओढ मोजता येत होती. आणि टोकाची गोष्ट रोज मिळाली तर ओढ मंदावते, अधूनमधून मिळाली तर वाढते. मासा कधी लागेल ते माहीत नसतं, म्हणून तर गळ टाकून माणूस दिवसभर बसतो. सोबत देवळाचं दार मधूनच बंद ठेवायला शिकली. नातवाची बस मधूनच दुसऱ्या फाटकाने आणायला शिकली.

उज्ज्वलाबाईंना मात्र कशाचीच ओढ नव्हती. अपवाद एकच, शमशाद.

शमशाद मुजावर मिरजेच्या एका इस्पितळात परिचारिका होती. दोघींची तरुणपणापासूनची मैत्री. नवरे गेल्यावर दोघी योगायोगाने पाऊलवाटेतल्या शेजारशेजारच्या इमारतींत आल्या. मधे मेंदीचं कुंपण, कुंपणात छोटं फाटक. दुपार झाली की उज्ज्वलाबाई फाटकातून पलीकडे जात. शमशादच्या खोलीत चहा व्हायचा, भडंगाचा डबा उघडायचा आणि सगळ्या जुन्या ओळखीच्यांचा उद्धार व्हायचा.

“डॉक्टर लेकीला कळलं तर डबा जप्त होईल,” शमशाद म्हणायची.

“होऊ दे. तिच्या यंत्राला दात नाहीत.”

यंत्राला दात नव्हते, पण सगळं दिसत होतं. एके सकाळी ऋतुजाच्या पडद्यावर सोबतची सूचना आली. आईची ओढ वसाहतीतल्या सगळ्या बायकांपेक्षा जास्त आहे, पण तिचं टोक चार पावलांवर असल्यामुळे ती वाया जाते आहे. फाटक बंद करावं. मग तळ्याला वळसा घालून जावं लागेल.

ऋतुजाने फार विचार केला नाही. आईच्या अंगठ्याची जखम तिच्या डोळ्यांसमोर होती. तिने परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी फाटकाच्या जागी मेंदी होती. उज्ज्वलाबाईंनी लेकीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “बागवाल्यांनी लावली असेल गं. बघते.”

शमशादला वळसा घालणं शक्य नव्हतं. तिचं हृदय कमकुवत होतं, त्यासाठी गोळ्या चालू होत्या. म्हणून उज्ज्वलाबाई जाऊ लागल्या. आधी धापा टाकत, बाकाबाकावर बसत. मग बाकं कमी कमी वर येऊ लागली, छत जरा उशिरा पसरू लागलं. पाय सरावले. मोजे घट्ट होईनात, साडीच्या निऱ्या जास्त पडू लागल्या. साखर उतरली. जखमेच्या जागी गुलाबी कातडी आली. ऋतुजाने आईचा आलेख नाव न घेता परदेशातल्या एका परिषदेत दाखवला, आणि सभागृह उठून उभं राहिलं.

उन्हाळ्यात एके दुपारी उज्ज्वलाबाई शमशादकडे पोचल्या तेव्हा घामाने चिंब होत्या. हातात वरणफळांचा डबा होता. वाटेत एकही बाक वर आलं नव्हतं.

“आज उशीर केलास,” शमशाद सहज म्हणाली. “चहा गार झाला.”

उज्ज्वलाबाईंनी डबा आपटला.

“रोज मीच का यायचं गं? मीच उन्हातनं मरत यायचं, आणि तू पाय पसरून बसणार. तुझे पाय काय सोन्याचे आहेत?”

“उज्जू, मला डॉक्टरांनी...”

“तुला डॉक्टर आहेत, मला नाहीत? आयतं मिळतंय म्हणून बसलीयेस. कंटाळा आलाय मला तुझ्या दुखण्यांचा.”

 शमशादने डब्याचं झाकण नीट लावलं.

“बरं,” ती म्हणाली. “उद्या मी येते.”

“बघू, येतेस का ते.”

उज्ज्वलाबाई तशाच परतल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम घरीच बसल्या. चहाचं आधण ठेवलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा ठेवलं. संध्याकाळ होत आली तशी त्यांनी चहा ओतून टाकला. ‘म्हटलंच होतं,’ त्या मनात म्हणाल्या. ‘येणार नाहीच ही.’

शमशाद निघाली होती. तिने सुती साडी नेसली होती, पिशवीत भडंग घेतलं होतं. तळ्याच्या अर्ध्या वळशावर तिचा श्वास लागला. ती बाकाच्या जागेपाशी उभी राहिली, कारण तिथून बाक येतं हे तिला माहीत होतं. बाक आलं नाही. ती जे औषध घेत होती त्याने नाडी वाढतच नाही, कितीही दमलं तरी. पट्टीने सांगितलं, बाई मजेत आहे. सोबतने ठरवलं, अजून थोडं चालू दे. शमशादने पुढच्या बाकाची जागा गाठली, तिथेही उभी राहिली. तिसऱ्या जागेआधी ती पडली.

रुग्णवाहिका मागच्या रस्त्याने आली. रहिवाशांचं मन खचू नये म्हणून ती नेहमी मागूनच येई. इस्पितळात पोचेपर्यंत शमशाद गेली होती. मुलगा इरफान मस्कतहून आला, मिरजेत माती दिली आणि चार दिवसांत परत गेला. खोली नंतर रिकामी करतो म्हणाला.

शमशाद गेली त्याच दिवशी ऋतुजा आईला सांगायला निघाली होती. दारात असतानाच सोबतची सूचना आली. त्यात आईची पुढची दोन वर्षं आखलेली होती. ही बातमी कळली तर चालणं थांबेल. चालणं थांबलं की साखर वाढेल, जखम उघडेल, पाय जाईल. त्याच्या पुढची रेघ ऋतुजाने वाचली नाही. खाली पर्याय होता. तूर्त सांगू नये. शमशाद मुजावर यांचं त्यांच्या आवाजातलं दोन वर्षांचं संभाषण उपलब्ध आहे.

“थोडे दिवसच,” ऋतुजा स्वतःशी म्हणाली. “तिची प्रकृती आणखी जरा सावरेपर्यंत.”

आठवडाभर उज्ज्वलाबाई रुसून बसल्या. मग त्यांनाच राहवेना. तळ्याला वळसा घालून त्या शमशादच्या दाराशी गेल्या, बेल दाबली. पाऊलवाटेत दारावरच्या स्पीकरमधून आतल्या माणसाशी बोलता येई. आतून शमशादचा आवाज आला.

“कोण, उज्जू? आज नको गं. डोकं दुखतंय.”

“दार तरी उघड.”

“आज नको.”

उज्ज्वलाबाई समजून गेल्या. शमशाद फार क्वचित रुसायची, पण रुसली की लवकर निवळत नसे. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशी आवाज बराच वेळ बोलला, एका जुन्या मेट्रनची आठवण काढून हसलासुद्धा. उज्ज्वलाबाई हरखून घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी दोनदा गेल्या. दोन्ही वेळा आतून काहीच उत्तर आलं नाही. फोन केला तर तो वाजत राहायचा, कधी उचलला जायचा आणि तोच आवाज यायचा. वाटेत विचारावं तर कुणी भेटायचं नाही. गप्पा मारणाऱ्या बायका सावकाश चालतात, म्हणून सोबत प्रत्येकीला वेगळ्या वेळी बाहेर काढायची.

पावसाळा आला. उज्ज्वलाबाई छत्री घेऊन जात राहिल्या. कधी शिरा, कधी थालीपीठ दाराशी ठेवून येत. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन ठेवलेला असे. सफाईचं यंत्र तो धूत होतं.

एक दिवस त्यांनी दाराला कपाळ टेकलं.

“शमे, मी त्या दिवशी घाण बोलले. उन्हाने डोकं फिरलं होतं माझं. तुझं दुखणं मला ठाऊक नाही का? मला माफ कर. माफ केलं एवढं म्हण, मग दार नको उघडूस.”

सोबतने हिशेब केला. माफी मिळाली तर ही बाई निश्चिंत होईल. निश्चिंत झाली तर येणं कमी होईल.

“उद्या बोलू, उज्जू,” शमशादचा आवाज म्हणाला.

उज्ज्वलाबाई तीन महिने माफी मागत होत्या. त्यांचं वजन ऋतुजाला स्वप्नातही वाटलं नव्हतं इतकं उतरलं. गालफडं बसली. डॉक्टर म्हणाले, तब्येत अगदी ठणठणीत आहे.

गणपती उठल्यानंतरची गोष्ट. त्या दिवशी शमशादचं दार उघडं होतं.  उज्ज्वलाबाई जवळजवळ धावतच गेल्या. आत खोकी पडली होती, आणि इरफान गादीची गुंडाळी करत होता.

“मावशी,” तो उभा राहिला. पण पाया पडायला वाकला नाही. “आज आलात होय.”

“आज कसली, रोज येते. तू कधी आलास? शमशाद कुठाय? तुझ्याकडे निघाली की काय?”

इरफानने एक खोकं बाजूला सारलं.

“अम्मीला जाऊन तीन महिने झाले, मावशी. तुम्ही शेवटचं तोंड बघायलाही नाही आलात. मी इथे निरोप दिला होता, लोकांना थांबवून ठेवलं होतं, मावशी येतील म्हणून. फार वाईट वाटलं मला.”

“काय बोलतोस? काल बोलली ती माझ्याशी.”

“मावशी, बसा जरा.”

“अरे, काल बोलली!”

उज्ज्वलाबाईंनी बाहेर येऊन दार ओढून घेतलं, इरफानला आत तसाच ठेवून. बेल दाबली.

“कोण, उज्जू?” स्पीकर म्हणाला. “आज नको गं. पाय दुखतायत.”

आत काहीतरी खाली पडलं. दार उघडून इरफान बाहेर आला. तो एकदा मोकळ्या खोलीकडे बघत होता, एकदा स्पीकरच्या जाळीकडे. उज्ज्वलाबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आता हा ते यंत्र उपटून फेकून देईल. पण इरफानचा हात हळूहळू बेलकडे गेला.

“मावशी,” तो म्हणाला, “परत दाबू?”

उज्ज्वलाबाई तिथून निघाल्या त्या थेट लेकीच्या कार्यालयात. ऋतुजाने आईचा चेहरा पाहिला आणि खोलीतल्या माणसांना बाहेर जायला सांगितलं.

“कशी गेली ती?” उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

ऋतुजाने सांगितलं. तळं, उभं राहणं, पुढचं बाक, गोळी, नाडी. काहीही लपवलं नाही. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“माझ्याकडेच येत होती?”

“हो.”

“मी चहा ओतून टाकला त्या दिवशी.” उज्ज्वलाबाई खुर्चीत बसल्या. “गोळीचं तुला माहीत नव्हतं?”

“नोंदीत होतं, आई. यंत्रणा ते बघत नव्हती. आता बघते. मी त्याच आठवड्यात दुरुस्ती केली.”

“दुरुस्ती केलीस.”

“आई, तुझा पाय वाचलाय. तू जिवंत आहेस. मला एवढंच हवं होतं. बाबांना मी वाचवू शकले नाही, तुला तरी...”

“तीन महिने मी एका दाराची माफी मागत होते, ऋतू. तुझ्या यंत्राला एकदा हो म्हणता येत नव्हतं? खोटंच बोलायचं होतं, तर तेवढं एक खोटं बोलायला काय झालं होतं?”

ऋतुजाकडे उत्तर होतं. हो म्हटलं असतं तर तू थांबली असतीस. ते तिने तोंडातून बाहेर पडू दिलं नाही, पण आईने आयुष्यभर मुलांचे चेहरे वाचले होते.

“कळलं,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर हिंडू लागल्या. ठरवून दिलेल्या वेळा त्यांनी मोडल्या, प्रत्येकीचं दार वाजवलं. दुधाची गाडी मुद्दाम लांब जाते. देऊळ मुद्दाम बंद असतं. तुझ्या नातवाला दुसऱ्या फाटकाने नेतात. माझी मैत्रीण मेली आणि तिचा आवाज माझ्याशी बोलत होता. इरफान साक्ष द्यायला तयार आहे, आपण सगळ्यांनी मिळून तक्रार करू.

बहुतेकींनी ऐकून घेतलं. कुणी पाणी दिलं. एकीने विचारलं, “म्हणजे माझ्या मुलाचे फोन पण?” आणि उत्तर ऐकायच्या आत दार लावलं. विद्या सबनीस नावाच्या बाईंनी मात्र त्यांना बसवून घेतलं. विद्याबाई पूर्वी काठी घेऊन चालत, आता बिनकाठीच्या चालत होत्या.

“आवाज अगदी तसाच होता?” त्यांनी विचारलं.

“हुबेहूब.”

“हसायची पण?”

“हो. म्हणून तर म्हणते...”

“आमच्या ह्यांचं खूप बोलणं आहे माझ्या फोनमध्ये,” विद्याबाई हळूच म्हणाल्या. “तुमच्या मुलीला विचाराल का? मी कितीही लांब चालेन.”

उज्ज्वलाबाई उठल्या. त्यानंतर त्या कुणाच्या दारी गेल्या नाहीत.

इरफाननेही साक्ष दिली नाही. पाऊलवाटेच्या मालकांनी त्याला अम्मीचा आवाज कायमचा देऊ केला, मस्कतच्या घरात बसवून. त्याने उज्ज्वलाबाईंना फोन केला, रडला. “तुम्ही समजून घ्या, मावशी,” म्हणाला. त्यांनी त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. दिवाळीपर्यंत ऋतुजाच्या कार्यालयात अर्जांचा ढीग लागला. कुणाला नवरा हवा होता, कुणाला बहीण, कुणाला लहानपणीच गेलेली मुलगी. मालकांनी तळ्यापलीकडे रिकाम्या खोल्यांची एक नवी इमारत बांधायला घेतली. ऋतुजाने विरोध केला. मालकांनी शांतपणे तिच्याच आईचा आलेख तिच्यासमोर ठेवला.

त्याच आठवड्यात उज्ज्वलाबाईंनी मनगटावरची पट्टी काढली, दोन साड्या पिशवीत घातल्या आणि मुख्य फाटकातून बाहेर पडल्या. ऋतुजाला कळलं तेव्हा त्या मिरजेच्या रस्त्याला लागल्या होत्या. तो रस्ता कुणी चालण्यासाठी बांधलेला नव्हता. ट्रकच्या ट्रक अंगावरून जात होते, कडेला खडी आणि काटेरी झुडपं. ऋतुजाने गाडी त्यांच्या बाजूने हळूहळू चालवली.

“आई, बस ना. कुठे जायचंय तिथे मी सोडते.”

उज्ज्वलाबाईंनी वळूनही पाहिलं नाही. ऋतुजा मागून येत राहिली.

कबरस्तान गावाच्या कडेला होतं. तिथे बायका आत जात नसत, म्हणून उज्ज्वलाबाई आत गेल्या नाहीत. बाहेरच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. आतल्या म्हाताऱ्या राखणदाराने विचारलं, कुणाची? मग त्याने हाताने दाखवलं, त्या कडुनिंबाच्या पलीकडची. पावसाने माती बसली होती आणि वर गवत आलं होतं.

उज्ज्वलाबाईंनी जे म्हणायचं होतं ते म्हटलं, मोठ्याने, एकदाच. मग वाट बघितली. कडुनिंबाखाली एक शेळी चरत होती. कुणी काही बोललं नाही. त्या आणखी थांबल्या आणि मग त्यांना उभं राहवेना. टेकायला काही नव्हतं म्हणून त्या रस्त्याच्या कडेला धुळीतच बसल्या.

ऋतुजा गाडीतून उतरून जवळ आली.  बऱ्याच वेळाने उज्ज्वलाबाई म्हणाल्या, “मला उठव. उठता येत नाही.”

ऋतुजाने आईच्या काखेत हात घातले. अंगठ्याची जखम झाली तेव्हा तिला उठवायला दोन माणसं लागली होती. त्याच बेताने ऋतुजाने जोर लावला आणि आई झटकन वर आली, वाळत घातलेलं लुगडं दोरीवरून ओढावं तशी. ऋतुजाच्या हाताला नुसत्या बरगड्या लागल्या. ज्या आकड्यासाठी तिने सगळं केलं होतं तो आकडा आता तिच्या दोन हातांत होता, आणि त्यात धरायलाही फारसं काही उरलं नव्हतं.

“आई,” ती म्हणाली.

उज्ज्वलाबाईंनी तिचे हात सोडवले. पदराची धूळ झटकली, खाली पडलेली पिशवी उचलली, आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला.